रणभूमीचें कांसें : घासावें कीं राखावें ?



दिवाळी जवळ आली म्हणजे आपल्या म्हसवडच्या घरोघरीं एक काम ठरलेलें असतें. माळ्यावरचीं तांब्यापितळेचीं भांडीं खालीं उतरतात, चिंच भिजत पडते, राख चाळून घेतली जाते, आणि परसांत बसून आई, आजी, काकू तीं भांडीं लख्ख घासतात. पुढें मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस सिद्धनाथाचा रथ निघतो, तोंवर गांवांतील समया, घंटा, कळशा साऱ्या झळाळूं लागलेल्या असतात. हा उद्योग लहानपणापासून पाहिल्यामुळें आपल्या मनांत एक गोष्ट पक्की बसली आहे, ती ही कीं, धातु काळवंडला किंवा हिरवा झाला म्हणजे तो मळला, आणि मळला म्हणजे तो घासलाच पाहिजे.

स्वयंपाकघरापुरती ही समजूत बरोबर आहे. परंतु जुन्या रणभूमीवरील तोफ, लढाईंत हातीं आलेली घंटा, पडलेल्या शिपायांच्या नांवांचा पत्रा, स्मारकाच्या दाराच्या बिजागऱ्या व कड्या, हीं कांहीं आपल्या घरचीं भांडीं नव्हेत. भांडें दर वर्षी केसाएवढें झिजलें तरी त्यांत पाणी राहतें. आंतून उघडें पडलें तर त्यास पुन्हां कल्हई करितां येते. लेख असलेल्या धातूची गोष्ट निराळी आहे. त्याचा पृष्ठभाग हाच त्याचा कागद, आणि त्यावरील खोदकाम हीच त्याची शाई. कागद मळला म्हणून शाईसकट खरडून काढणारा मनुष्य शहाणा म्हणतां येईल काय ? आजच्या पाठांत आपणांस हाच भेद समजून घ्यावयाचा आहे.

कांसें म्हणजे काय ?

तांब्यांत कथील मिळविलें म्हणजे कांसें होतें आणि जस्त मिळविलें म्हणजे पितळ होते. तांबें १०८५ अंशांवर वितळतें. कथील अवघ्या २३२ अंशांवर. दोन्ही एकत्र केलीं म्हणजे तांब्याहून कमी उष्णतेवर रस होतो, आणि निवाल्यावर तो तांब्याहून कठीण बनतो. हा शोध मनुष्यास लागला म्हणून इतिहासांतील एका सबंध युगास कांस्ययुग असें नांव पडलें.

कथील किती घालावयाचें हें वस्तूच्या कामावर ठरतें. घंटेच्या कांशांत शंभर भागांत सुमारें ७८ भाग तांबें व २२ भाग कथील असतें. त्यामुळें नाद खणखणीत निघतो, पण घंटा ठिसूळ होते व जोराच्या आघातानें तडकते. तोफेस नाद नको, चिवटपणा हवा; म्हणून तींत कथील दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवीत. पुतळे व लेखांचे पत्रे यांत कथील कमी करून थोडें जस्त व शिसें घालतात, म्हणजे रस सांच्याच्या बारीक रेघांतूनही सहज वाहतो. आपल्याकडे ओतारी हें ओतकाम करीत आले आणि तांबट ठोकून घडविण्याचें काम करीत आले. पंचधातु हा शब्द आपण या सर्वच मिश्रणांस ढिलेपणानें लावतों.

हिरवा रंग कोठून येतो ?

नवें कांसें सोनेरी दिसतें. हवेंतील प्राणवायूशीं तांब्याचा संयोग होऊन त्यावर प्रथम तांबूस व मग गडद तपकिरी पातळ थर बसतो. पुढें पाऊस, हवेंतील कर्बाम्लवायु आणि कोळशाच्या धुरांतील गंधक यांच्यामुळें त्यावर हिरवे क्षार तयार होतात. यालाच आपण कळंक किंवा जंगाल म्हणतों. कल्हई गेलेल्या भांड्यांत ताक ठेविलें तर तें कळकतें व पोटास बाधतें, हें घरांतील लहान मूलही जाणतें. म्हणून हिरव्या रंगाविषयीं आपल्या मनांत जो तिटकारा आहे तो अगदींच वावगा नाहीं.

परंतु उघड्यावरील स्मारकांत कोणी ताक ठेवीत नाहीं. तेथें घट्ट बसलेला हिरवा थर धातूचा अंगरखा असतो. न्यूयॉर्कच्या बंदरांतील स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ सालीं उभा राहिला. त्याचा पत्रा शुद्ध तांब्याचा, आणि जाडी केवळ २.४ मिलिमीटर. आरंभीं तो तांबूस होता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तो हिरवा झाला. आज शतकाहून अधिक काळ समुद्राचें वारें त्याच हिरव्या थरानें थोपवून धरलें आहे. तो थर कोणी हौसेनें घासून काढिला तर धातु उघडा पडेल, आणि नवा थर बांधण्यासाठीं त्याला आपल्याच अंगांतील तांबें पुन्हां खर्च करावें लागेल.

दुसरा एक हिरवा रंग मात्र खरोखरच रोगाचा आहे. मिठांतील क्लोरीन तांब्याशीं मिळून कांशाच्या आंत दडून बसतो. ओलावा व हवा लागली म्हणजे त्यापासून फिकट हिरवी भुकटी व आम्ल उत्पन्न होतें. तें आम्ल नवें तांबें खातें. त्यापासून पुन्हां भुकटी व आम्ल. असें हें रहाट थांबत नाहीं, आणि वस्तूस खळगे पडत जातात. यास कांशाचा रोग म्हणतात. खाऱ्या हवेंत राहिलेल्या किंवा बराच काळ जमिनींत पुरलेल्या वस्तूंत तो विशेष आढळतो.

तेव्हां पहिला धडा हा, कीं हिरवें पाहतांच चिंच शोधूं नये. थर गडद, घट्ट व गुळगुळीत असेल तर तो अंगरखा समजावा. फिकट, भुसभुशीत, ठिपक्याठिपक्यांचा असून बोट लावतांच भुकटी पडत असेल तर तो रोग समजावा, वस्तु कोरड्या जागीं ठेवावी आणि जाणत्या मनुष्यास बोलवावें.

आपल्याच जिल्ह्यांतील दोन वस्तु

प्रतापगडची लढाई १० नोव्हेंबर १६५९ रोजीं झाली. त्या गडावर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ कांस्यपुतळा असून त्याचें अनावरण पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं झालें. शेजारच्या महाबळेश्वरास वर्षाकाठीं सुमारें सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशांत त्याचा दहावा हिस्सा पडला तरी शेतकरी आभाळाकडे पाहून हात जोडतो. एकच कांसें म्हसवडास ठेविलें आणि प्रतापगडावर ठेविलें, तर दोहोंचें म्हातारपण निरनिराळें होईल. म्हणून राखण करणाऱ्यानें प्रथम जागा पाहावी, मग धातु पाहावा.

दुसरी वस्तु वाईजवळील मेणवलीची. तेथें कृष्णेच्या कांठीं नाना फडणविसांचा वाडा व घाट आहे, आणि घाटावरील देवळांजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मरियेची उठावदार आकृति व १७०७ हें साल आहे. ही घंटा वसईकडची. चिमाजी आप्पांनीं मे १७३९ मध्यें पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हां तेथील चर्चच्या घंटा मराठे सरदारांनीं विजयाची खूण म्हणून देशावर आणिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील १७२१ सालची घंटा व भीमाशंकराची घंटा याही त्यांतल्याच.

कांहीं वर्षांपूर्वीं मी नववीच्या मुलांस घेऊन मेणवलीस गेलों होतों. घंटेवरची आकृति पाहून आमच्या एका ख्रिस्ती विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, ही तर आपल्या चर्चची घंटा. मग ती येथें कां ?" त्यावर दुसरा मुलगा लागलीच म्हणाला, "लढाईंत जिंकलेली आहे ती. आतां ती आमची." दोघेही चांगले मित्र, एकाच बाकावर बसणारे, पण क्षणभर दोघांचेही चेहरे कठीण झाले. इतर मुलें माझ्याकडे पाहूं लागलीं.

मीं त्यांस सांगितलें, "मुलांनो, या घंटेच्या अंगावर दोन इतिहास आहेत. एक ओतणाऱ्यानें सांच्यांत ओतला. दुसरा ती जेथें टांगली आहे त्या जागेनें लिहिला. आकृति घासून काढली तर पहिला इतिहास जाईल; घंटा येथून हलविली तर दुसरा जाईल. आणि एक गोष्ट नीट पाहा. ज्यांनीं ती जिंकून आणिली, त्यांनीं त्या मातेचा चेहरा खरवडून काढिला नाहीं. एवढीं वर्षें लोटलीं, तरी बाळ तिच्या हातांत आहेच." दोघेही कांहीं बोलले नाहींत. परत येतांना मात्र ते नेहमीप्रमाणें एकत्र बसले होते, आणि घंटेवरचें साल आधीं कोणीं वाचलें यावरून त्यांचा वाद चालला होता.

कांशाचा मोठा शत्रु

ऊन, पाऊस व मीठ यांहूनही कांशाचा मोठा शत्रु म्हणजे त्याची किंमत. कांसें पुन्हां वितळवितां येतें, म्हणून तें भट्टीच्या नजरेंतून कधीं सुटत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत युरोपांतील हजारों चर्चच्या घंटा उतरवून वितळविण्यांत आल्या. आपल्याकडचें उदाहरण विजापूरच्या मुलूख मैदान तोफेचें. ती १५४९ सालीं अहमदनगरास ओतली गेली. तिचें वजन सुमारें ५५ टन. राज्यें गेलीं, तोफ निकामी पडली, आणि १८५४ सालीं निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलांव पुकारण्यांत आला. बोली आली अवघी १५० रुपयांची ! सुदैवानें ती विक्री रद्द झाली, म्हणून आज ती तोफ आपणांस पाहावयास मिळते. मोडीच्या तराजूंत इतिहासाचें वजन होत नसतें, हें त्या दिवशीं कोणाच्या तरी ध्यानांत आलें.

परदेशांतील रीत

अमेरिकेंतील गेटिसबर्ग येथें १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत तेथील यादवी युद्धांतील भयंकर लढाई झाली. १८९५ सालापासून ती रणभूमि राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली आहे. तेथें स्मारकें, लेखपत्रे व खुणा मिळून तेराशेंहून अधिक आहेत, आणि शिवाय तोफांच्या रांगा. कोणती पलटण कोठें उभी होती हें त्या पत्र्यांवरूनच पाहुण्यास समजतें. एक पत्रा वाचेनासा झाला तर रणभूमीचें एक पान गळालें असें समजावें. म्हणून तेथें शिकविलेले कारागीर नेमलेले असतात. ते कांसें धुतात, वाळवितात, किंचित् तापवून त्यावर मेण चढवितात, आणि हें काम पाळीपाळीनें पुन्हां पुन्हां करितात.

ही सौम्य रीत त्या देशांतही एकदम सुचली नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं ठिकाणीं पुतळ्यांवर कांचेच्या बारीक मण्यांचा जोरानें मारा करून सारा हिरवा थर उडवीत असत. पुतळे चकचकीत झाले, पण पृष्ठभागावरील कलावंताच्या हाताच्या बारीक खुणा दबल्या. मग अक्रोडाच्या टरफलांची मऊ भुकटी आली, आणि हळूहळू पाणी, सौम्य साबण व मेण यांवरच भर देण्यांत येऊं लागला. करायला गेले गणपति आणि झाला मारुति, ही म्हण आपली असली तरी अनुभव सर्व देशांचा आहे.

माझी चूक

ही म्हण मीं स्वतः अनुभवली आहे, म्हणून ती गोष्ट येथें सांगतों. मी वसतिगृहांत शिकत असतांना एका जुन्या इमारतींत भिंतीवर पितळेचा एक पत्रा होता. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियाकडे जाऊन तेथेंच राहिलेल्या शिपायांचीं नांवें त्यावर कोरलेलीं असून अक्षरांत काळें लाखेसारखें द्रव्य भरलें होतें. नाताळ जवळ आला होता. आम्हां चारपांच मुलांस हौस आली. कोणी सांगितलें नव्हतें, कोणास विचारलेंही नाहीं. चिंच, राख व विटकरीची भुकटी घेऊन आम्हीं दोन दिवस तो पत्रा घासला. तो आरशासारखा चमकला. येणाराजाणारा आमची पाठ थोपटी.

पुढच्या उन्हाळ्यांत एक वृद्ध गृहस्थ आले. खांद्यावर घोंगडी, हातांत काठी. आपल्या आजोबांचें नांव या पत्र्यावर असल्याचें वडिलांनीं त्यांस सांगितलें होतें. त्यांस वाचतां येत नव्हतें, म्हणून त्यांनीं मलाच वाचावयास सांगितलें. मी वरून खालीं पाहत गेलों. पत्र्याच्या मध्यभागीं, जेथें आमचा हात सर्वांत अधिक चालला होता, तेथें काळें द्रव्य निघून गेलें होतें आणि आधींच झिजलेल्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. दोन नांवें मला लागेनात. त्यांचें नांव त्या दोहोंपैकीं एक असावें. ते म्हणाले, "असूं द्या बाळ, ऊन फार आहे, त्यामुळें दिसत नसेल." मग त्यांनीं त्या जागेवरून एकदां हात फिरविला आणि ते गेले. ऊन खिडकीबाहेर होतें, पत्र्यावर नव्हतें. हें त्यांस सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

योग्य रीत

आतां जाणते लोक काय करितात तें क्रमानें सांगतों.

पहिलें काम नोंदीचें. वस्तूस हात लावण्यापूर्वीं तिचें छायाचित्र घ्यावें, लांबीरुंदी मोजावी व अक्षरें जशींच्या तशीं वहींत उतरावीं. अक्षर लागत नसेल तर अंदाजानें भरूं नये; तेथें रिकामी जागा सोडावी. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडांत पुसट अक्षरेंही उठून दिसतात.

दुसरें काम परीक्षेचें. थर अंगरख्याचा आहे कीं रोगाचा, अक्षरांत रंग भरला आहे काय, खिळे व बोल्ट कशाचे आहेत, हें पाहावें. कांशाच्या पत्र्यास लोखंडी बोल्ट मारला आणि त्यावर पाणी पडलें, म्हणजे दोन धातूंमध्यें वीज खेळूं लागते व लोखंड झपाट्यानें गंजतें. गंजलेला बोल्ट फुगतो, भोंवतालचा दगड फोडतो, आणि एके दिवशीं पत्रा खालीं येतो. म्हणून बोल्ट कांशाचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे घालून मध्यें वीज न वाहणारी चकती ठेवितात. बिजागऱ्या, कड्या व दिव्यांच्या दांड्या यांसही हाच नियम लागू आहे.

तिसरें काम धुण्याचें. स्वच्छ पाणी, अगदीं सौम्य साबण, मऊ केसांचा ब्रश व सुती कापड एवढेंच पुरे. अक्षरांच्या खांचेंतील माती बांबूच्या काडीनें हलक्या हातानें काढावी. तारेचा ब्रश, वाळू, विटकर, चिंच, लिंबू व बाजारचें आम्ल वर्ज्य. साबण राहूं न देतां पुन्हां पाण्यानें धुवावें व उन्हांत पूर्ण वाळवावें.

चौथें काम मेणाचें. कोरड्या व कोमट धातूवर मेणाचा अगदीं पातळ हात देऊन निवाल्यावर सुती फडक्यानें पुसून घेतात. त्यामुळें पाणी धातूस भिडत नाहीं. हें मेण कायमचें नव्हे. तें झिजतें व पुन्हां चढवावें लागतें. पण मेण झिजलें म्हणजे धातु झिजत नाहीं, हाच त्याचा गुण. तैलरंग फासणें मात्र टाळावें. त्यानें खांचा भरतात, आणि सालपट निघूं लागलें म्हणजे त्याच्या आड पाणी सांचतें.

हीं कामें कोणीं करावीं, हेंही सांगितलें पाहिजे. सरकारनें संरक्षित केलेल्या वास्तूस १९५८ चा कायदा लागू असून तेथील वस्तूस आपण हात लावूं नये. पुरातत्त्व खात्यानें अशा कामासाठीं १९१७ सालींच रसायनज्ञ नेमिला होता, आणि मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जतनाचें स्वतंत्र केंद्र आहे. नांगरतांना किंवा पाया खणतांना मौल्यवान जुनी वस्तु सांपडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरांस कळविणें आपलें कर्तव्य आहे. पालकांस विनंती, कीं अशी वस्तु मोडींत देण्यापूर्वीं एकदां तरी कोणा जाणत्यास दाखवावी.

करून पाहा

तांब्याच्या तारेचे तीन सारखे तुकडे घ्या. तिन्ही स्वच्छ पुसा. एक तसाच कोरड्या जागीं ठेवा. दुसरा मिठाच्या पाण्यांत बुडवून ओल्या फडक्यावर ठेवा व फडकें रोज ओलें करा. तिसऱ्यास प्रथम मेणबत्तीचें मेण सर्व बाजूंनीं लावा, मग दुसऱ्याप्रमाणेंच मिठाच्या पाण्यांत बुडवून ओल्या फडक्यावर ठेवा. पंधरा दिवस रोज एकाच वेळीं पाहून रंग वहींत लिहा. शेवटीं तिसऱ्याचें मेण एका जागीं खरवडून आणखी आठ दिवस पाहा. जें दिसेल तेंच लिहा. तुकड्यांस हात लावल्यावर हात धुवा.

आणि सुटींतील एक काम. आपल्या गांवांतील देऊळ, मशीद, चर्च, चावडी किंवा जुना वाडा, जेथें कोठें अक्षरें असलेली धातूची एखादी वस्तु असेल, ती शोधा. तेथील वडील माणसांची परवानगी घ्या. ती घासूं नका, पुसूंही नका. तिच्यावरील अक्षरें वहींत उतरून घ्या, न लागणाऱ्या अक्षराच्या जागीं टिंब द्या, आणि शाळा उघडेल त्या दिवशीं ती वही मला आणून दाखवा. एखादें नांव त्या पत्र्यावरून उद्यां पुसलें गेलें, तरी तें तुमच्या वहींत सांपडेल.